तुळसाचा भाला: फीट निवडीच्या नोंदी

८ जून २०२५

जुलैत नवी मोहीम सुरू होतेय. खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलाभोवती बसून आपापलं पात्र खेळायचा खेळ; पाचवी आवृत्ती, २०१४चे नियम. सोबत २०२०च्या ‘ताशाज’ पुस्तकातले पर्यायही डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, मोकळे ठेवलेत. सुरुवात थेट चौथ्या लेव्हलपासून. मला भाला चालवणारी फायटर करायची आहे, नाव तुळसा. ती एका जागी खांबासारखी उभी राहून मार देणारी-घेणारी नको. तिने वार करावा, बाजूला व्हावं, समोरच्याला चालत यायला लावावं आणि तो येईपर्यंत भाल्याचं टोक पुन्हा त्याच्याकडे वळलेलं असावं. फीट म्हणजे पात्रासाठी निवडून घेता येणारं खास कौशल्य; त्या निवडीच्या या नोंदी.

आधी हत्यार. भाल्याचं डॅमेज एका हाताने १डी६ (सहा बाजूंचा एक फासा), दोन्ही हातांनी १डी८. २० फुटांपर्यंत नीट फेकता येतो, ६० फुटांपर्यंत डिसअ‍ॅडव्हान्टेजने (दोन फासे टाकून लहान आकडा धरायचा). किंमत एक सोन्याचं नाणं. पोहोच मात्र ५ फूट, म्हणजे बॅटलमॅटवर (चौकोन आखलेल्या पटावर) फक्त शेजारचा चौकोन. ग्लेव्ह किंवा हॅल्बर्डला १डी१० आणि १० फुटांची पोहोच मिळते, त्यामुळे भाल्याकडे फारसं कुणी वळत नाही. पुढची प्रत्येक निवड या ५ फुटांपाशी येऊन थांबणार आहे, हे आजच लिहून ठेवते.

दोन हात की एक? १डी८ची सरासरी ४.५. एका हातात भाला धरून ड्युएलिंग ही फायटिंग स्टाइल घेतली तर १डी६ अधिक २, सरासरी ५.५. वर दुसऱ्या हातात ढाल, एसी (वार लागायला समोरच्याला गाठावा लागणारा आकडा) २ने वाढतो. यात विचार करण्यासारखं काही उरत नाही. चेन मेलचा १६ आणि ढालीचे २ मिळून एसी १८. चेन मेल जड असलं तरी स्ट्रेंग्थ १३च्या वर असल्यामुळे वेग कमी होत नाही. फिरत्या कॅरेक्टरने हलकंच चिलखत घालावं असं बरेच जण मानतात, पण नियमात तसं कुठेच नाही.

११ जून

पहिली फीट ठरल्यासारखीच आहे: पोलआर्म मास्टर. २०१४च्या मूळ छपाईत तिच्यात भाला नव्हता, २०१८च्या शुद्धिपत्रात तो आला. त्या एका ओळीमुळे भाल्याचं नशीब पालटलं.

फीट दोन गोष्टी देते. अटॅक अ‍ॅक्शन (टर्नमधली मुख्य कृती) फक्त भाल्याने केली की त्याच टर्नच्या छोट्या जोडकृतीत, म्हणजे बोनस अ‍ॅक्शनमध्ये मागच्या टोकाने आणखी एक फटका, १डी४, आणि तो भोसकण्याचा नाही तर ठोसण्याचा, म्हणजे ब्लजनिंग डॅमेज. दुसरं, कुणी तुमच्या पोहोचात आलं की त्याच्यावर ऑपॉर्च्युनिटी अटॅक, म्हणजे त्याच्या टर्नमध्ये आपली रिअ‍ॅक्शन खर्चून केलेला आयता वार; एरवी तो शत्रू पोहोचातून बाहेर पडताना मिळतो.

चौथी लेव्हल, स्ट्रेंग्थ १८, समोर एसी १५ धरून हिशेब केला. गॉब्लिनचा एसी बरोबर तेवढाच असतो, म्हणून आकडा सोयीचा. टू-हिट (वीस बाजूंच्या फाशात मिळवायचा आकडा) अधिक ६, म्हणजे ६० टक्के वार लागतात. टोकाचा वार सरासरी ९.५, मागचा फटका ८.५. क्रिटिकल (फाशावर २० आला की दुप्पट फासे) धरून दोन्ही मिळून प्रत्येक टर्नला साधारण ११.१. त्यात रिअ‍ॅक्शनचा वार मिळाला तर आणखी ५.९. फीट नसती तर सगळं मिळून ५.९च. म्हणजे पूर्ण चाललेला राउंड (सगळ्यांची एकेक टर्न) जवळजवळ तिप्पट.

फीट पहिल्याच लेव्हलला हवी, म्हणून वंश ‘कस्टम लिनिएज’. त्यात एका गुणाला अधिक २ आणि एक फीट. सहा गुणांसाठी नियमात ठरलेल्या आकड्यांतला १५ स्ट्रेंग्थला, म्हणजे १७. कॉन्स्टिट्यूशन १४, डेक्स्टेरिटी १३, विस्डम १२, कॅरिस्मा १०, इंटेलिजन्स ८.

१४ जून

‘पूर्ण चाललेला राउंड’ हे शब्द मनात घोळत राहिले.

रिअ‍ॅक्शनचा वार शत्रू पोहोचात आल्यावर मिळतो. जो आधीपासून शेजारच्या चौकोनात उभा आहे, तो पोहोचात येत नाही, तो तिथेच असतो. साधा फायटर पहिल्या राउंडला शत्रूला भिडतो आणि दोघं एकमेकांसमोर उभे राहतात. मग दुसऱ्या राउंडपासून या फीटचा अर्धा भाग नुसता पडून राहतो. हॅल्बर्डवाल्याचंही तेच होतं.

म्हणजे तुळसाला खरी गरज वेगाची नाही. प्रत्येक टर्नच्या शेवटी तिच्यात आणि शत्रूत एक रिकामा चौकोन हवा. तो चौकोन कसा मिळवायचा, एवढाच प्रश्न आहे, आणि आता प्रत्येक फीट याच प्रश्नावर तपासायची.

१८ जून

मोबाइल. नावावरूनच सगळे हिच्याकडे जातात, आणि फीट चांगलीच आहे. वेग १० फुटांनी वाढतो, म्हणजे ३०चे ४०, आठ चौकोन. डॅश (वार सोडून जास्तीचं धावणं) केल्यावर त्या टर्नपुरती अवघड जमीन आड येत नाही. आणि ज्याच्यावर मेली अटॅक (जवळून वार) केला, तो लागो वा न लागो, त्याच्याकडून त्या टर्नमध्ये ऑपॉर्च्युनिटी अटॅक येत नाही.

तिसरा मुद्दा सोनं आहे. वार करायचा, एक चौकोन मागे सरायचं, पुढच्या टर्नला तो चालत आला की रिअ‍ॅक्शन. पळून जाणं हा हेतूच नाही. बहुतेक शत्रूंचा वेग ३० असतो, ते गाठतातच. गाठू द्यायचंच आहे.

एक बारीक गोष्ट नोंदवून ठेवते: फेकलेला भाला मेली अटॅक ठरत नाही. शेजारच्यावर भाला फेकून मागे सरलं तर ही सूट मिळणार नाही.

२१ जून

आज दोन फीट बाजूला काढल्या.

चार्जर झटकन गेली. तिच्यात आधी डॅश अ‍ॅक्शन करावी लागते आणि वार बोनस अ‍ॅक्शनमध्ये होतो. अटॅक अ‍ॅक्शन गेली, मागच्या टोकाचा फटकाही गेला. धावत येऊन भाला खुपसण्याचं चित्र डोळ्यांना छान दिसतं, हिशेबात मात्र ती तुळसाच्या दोन्ही हातांवर पाय देते.

सेंटिनलला जास्त वेळ दिला, कारण पोलआर्म मास्टर आणि सेंटिनल ही जोडी जिथे तिथे सुचवली जाते. ऑपॉर्च्युनिटी अटॅक लागला की शत्रूचा वेग शून्य होतो. हॅल्बर्डवाल्यासाठी हे अफाट आहे: शत्रू १० फुटांवर येतो, वार लागतो, तिथेच अडकतो, आणि त्याच्या तलवारीची पोहोच ५ फूट. भाल्याचं तसं नाही. तो ५ फुटांवर आल्यावरच आपला वार होतो, म्हणजे अडकतो तोही आपल्या शेजारीच, आणि निवांत आपल्यावर वार करतो. वर तो शेजारीच खिळल्यावर पुढच्या टर्नला रिकामा चौकोन पुन्हा आपणच तयार करायचा. विझार्डकडे धावणाऱ्याला अडवायला सेंटिनल उत्तमच, गॉब्लिनने डिसएंगेज केलं (आयता वार टाळून निघाला) तरी तो सुटत नाही. पण ते पहारेकऱ्याचं काम झालं. पुढे कधीतरी, बाराव्या लेव्हलच्या आसपास.

जाता जाता मंक या वर्गाचाही विचार केला. भाला त्याचं मंक वेपन आहे, डेक्स्टेरिटीने चालतो आणि दुसऱ्या लेव्हलपासून वेग १० फूट जास्त. पण मंकची बोनस अ‍ॅक्शन आधीच हातापायांच्या फटक्यांत गुंतलेली असते, आणि ढाल घेतली की त्याची बरीच कला बंद पडते. तुळसा फायटरच.

२५ जून

सापडलं. क्रशर.

ताशाजमधली ही फीट हातोडा आणि गदावाल्यांसाठी असल्यासारखी वाटते, म्हणून भालेवाला ती उघडून बघत नाही. ठोसण्याचा फटका लागला की टर्नमध्ये एकदा शत्रूला ५ फूट हलवता येतं. तो आपल्यापेक्षा फार तर एका आकाराने मोठा असावा आणि समोरचा चौकोन रिकामा असावा, एवढीच अट. आणि भाल्याच्या मागच्या टोकाचं डॅमेज ब्लजनिंग आहे!

आता टर्न अशी: टोकाचा वार, मग मागच्या टोकाचा फटका, शत्रू एक चौकोन मागे. तुळसाने पाऊलसुद्धा उचललेलं नाही आणि मध्ये रिकामा चौकोन आहे. त्याला वार करायचा तर चालत यावं लागेल, आणि आला की रिअ‍ॅक्शन. तो आता ५ फुटांच्या बाहेर असल्यामुळे तुळसा हवं तर आणखीही लांब जाऊ शकते, ऑपॉर्च्युनिटी अटॅकचा प्रश्नच येत नाही.

क्रशरमध्ये स्ट्रेंग्थ किंवा कॉन्स्टिट्यूशन एकने वाढतं. तुळसाची स्ट्रेंग्थ १७. क्रशर घेतली तर १८, मॉडिफायर (त्या गुणामुळे फाशात मिळवायचा आकडा) अधिक ४. फीट न घेता स्ट्रेंग्थ दोनने वाढवली तर १९, मॉडिफायर तोच. म्हणजे चौथ्या लेव्हलला ही फीट जवळजवळ फुकट पडते.

याच्याशी तुलना करता मोबाइलचं स्थान बदललं. मोबाइलला वार लागायची गरज नाही, क्रशरला आहे. उलट क्रशर शत्रूला हलवते, आणि नियमात ‘हलवता येतं’ एवढंच म्हटलंय, मागेच असं नाही. बाजूला, तिरकं, आपल्याकडेही. मात्र ढकलून पोहोचात आणलेल्यावर रिअ‍ॅक्शन मिळत नाही, त्याने स्वतःच्या पायांनी यायला हवं.

चौथ्या लेव्हलला क्रशर. नक्की.

२ जुलै

भाला फेकण्याचा प्रश्न. फेकला की हात रिकामा, मग मागच्या टोकाचा फटकाही नाही. पाठीवर आणखी भाले ठेवता येतात, पण टर्नमध्ये एकच वस्तू फुकट हाताळता येते.

तुळसाची कल्पना मुळात कोल्हापूरकडच्या मर्दानी खेळातल्या विट्यावरून आली. विटा म्हणजे दोरी बांधलेला भाला: फेकायचा आणि दोरीने परत ओढायचा. मराठ्यांच्या हत्यारांत तो होता आणि मर्दानी खेळ करणारे तो आजही फिरवतात. डीएमला विचारलं, तुळसाच्या भाल्याला दोरी बांधली तर?

तो म्हणाला, “बांध की. पण २० फुटांच्या आत, आणि परत ओढलास की त्या टर्नची फुकटची हाताळणी संपली.” मला हे पटलं. नियम वाकत नाहीत, भाला मात्र परत येतो. शेजारी शत्रू असताना फेकण्याला डिसअ‍ॅडव्हान्टेज असतोच, त्यामुळे हा उद्योग मध्ये अंतर असतानाच होणार.

४ जुलै

उपवर्ग बॅटल मास्टर. चार सुपीरिऑरिटी डाइस, डी८, छोट्या विश्रांतीनंतर परत. तीन मनूव्हर, म्हणजे या डाइसवर चालणारी डावपेचांची कौशल्यं, निवडायची होती. ब्रेस वगळलं, कारण पोहोचात येणाऱ्यावर वार हे काम पोलआर्म मास्टर फुकट करते. शत्रूचा वार हुकला की उलटा वार करणारं रिपोस्टही वगळलं, रिअ‍ॅक्शन एकच असते. घेतली ती प्रिसिजन, पुशिंग आणि मनूव्हरिंग. प्रिसिजन खास मागच्या टोकासाठी राखून ठेवणार: दोन-तीनने हुकलेला फटका लागलेला करायचा, कारण तो लागला तरच चौकोन रिकामा होतो.

६ जुलै

पहिलं सत्र. दरीतल्या वाटेवर गॉब्लिन. ठरवलं होतं तसंच चाललं: टोक, मागचं टोक, गॉब्लिन एक चौकोन मागे, तो पुन्हा आला, रिअ‍ॅक्शन, पडला. टेबलावर दोन वेळा असं झाल्यावर डीएमचे गॉब्लिन तुळसाजवळ यायलाच तयार होईनात. धनुष्यं काढून झाडांमागे गेले. हेही यशच मानते, कारण तेवढा वेळ ते विझार्डकडे गेले नाहीत. पण रिअ‍ॅक्शनचे आकडे समोरचा आला तरच खरे, हे पुढच्या हिशेबात धरायला हवं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ‘रोग’ (लपूनछपून वार करणारा वर्ग) खेळणारा मित्र मध्येच म्हणाला, “अगं, तू त्याला लांब ढकललंस की माझा स्नीक अटॅक जातो.” बरोबर आहे. अ‍ॅडव्हान्टेज (दोन फाशांतला मोठा आकडा) नसेल तर रोगला स्नीक अटॅकसाठी, म्हणजे त्याच्या जास्तीच्या डॅमेजसाठी, लक्ष्याच्या ५ फुटांत त्याचा आणखी एक शत्रू लागतो. तुळसा तिथे नसली की त्याचे डाइस हातातच राहतात.

उत्तर क्रशरमध्येच होतं. शेवटच्या गॉब्लिनला मागे न ढकलता तिरकं ढकललं, थेट आमच्या पॅलाडिनच्या शेजारी. तुळसाच्या पोहोचाबाहेर, पॅलाडिनच्या पोहोचात. रोगने तिथेच त्याचा निकाल लावला. पुढच्या सत्रांत ढकलण्याआधी रोगची टर्न कधी आहे हे बघायचं.

२० जुलै

थडग्यांतले सांगाडे. स्केलेटनला ब्लजनिंग डॅमेज दुप्पट लागतं आणि त्याचे हिट पॉइंट (किती डॅमेज सोसतो तो आकडा) १३. मागच्या टोकाच्या फटक्यात १डी४, स्ट्रेंग्थचे ४, ड्युएलिंगचे २. डाइसवर एक आला तरी ७, दुपटीने १४. म्हणजे फटका लागला की सांगाडा पडलाच. भाला सांगाड्यांसमोर कुचकामी असतो असं आमच्यातल्या एकाने सत्राआधी म्हटलं होतं, म्हणून ही नोंद मुद्दाम.

३ ऑगस्ट

पाचवी लेव्हल, आता अटॅक अ‍ॅक्शनमध्ये दोन वार. टू-हिट अधिक ७. एसी १५समोर टर्नचे साधारण १८.४, रिअ‍ॅक्शनचे वेगळे ६.४.

आज तीन हॉबगॉब्लिन एकदम अंगावर आले. एसी १८, त्यामुळे तुळसाचा प्रत्येक वार निम्म्या वेळाच लागतो. आणि त्यांची खोड अशी, की लक्ष्याच्या ५ फुटांत त्यांचा सोबती असला तर टर्नमध्ये एकदा २डी६ जास्तीचं डॅमेज. तिघांच्या मध्ये उभं राहणं म्हणजे ते दर वेळी अंगावर घेणं. क्रशरने एकाला ढकललं, पण टर्नमध्ये एकदाच. उरलेल्या दोघांच्या मधून निघायचं तर दोन ऑपॉर्च्युनिटी अटॅक. निघालेच नाही, आणि तुळसा १० हिट पॉइंटच्या खाली आली. क्लेरिकने वाचवलं.

१० ऑगस्ट

सहावी लेव्हल. फायटरला इथे गुण वाढवण्याची किंवा फीट घेण्याची जास्तीची निवड मिळते. स्ट्रेंग्थ २० की मोबाइल?

नुसत्या आकड्यांनी स्ट्रेंग्थ जिंकते. एसी १५समोर टर्नचे १८.४चे २१.८ होतात, साडेतीनच्या आसपास वाढ. एकट्या शत्रूसमोर क्रशर ६५ टक्के वेळा चौकोन रिकामा करतेच. मोबाइल फक्त उरलेल्या ३५ टक्क्यांत उपयोगी, म्हणजे ६.४च्या रिअ‍ॅक्शनचे जेमतेम सव्वादोन.

तरी मी मोबाइल घेतेय. हा हिशेब एका शत्रूचा आहे, आणि आमच्या मोहिमेत एकटा शत्रू क्वचितच भेटतो. दोन वार आणि मागचा फटका मिळून तुळसा एका टर्नमध्ये तिघांना स्पर्श करू शकते, आणि मोबाइलला वार लागलाच पाहिजे असंही नाही. म्हणजे तिघांच्या वेढ्यातून ती काहीही न घेता निघते. एसी जितका जास्त तितकी क्रशर दुबळी पडते, मोबाइलवर मात्र त्याचा परिणाम होत नाही. शिवाय न खाल्लेलं डॅमेज सरासरीच्या कोष्टकात कुठेच दिसत नाही, आणि मागच्या रविवारी तेच सगळ्यात महाग पडलं.

आमच्यातल्या एकाने २०२४च्या नियमांवर जाऊया म्हटलं. तिथे भाल्याला सॅप मिळतं, वार लागला की शत्रूच्या पुढच्या वाराला डिसअ‍ॅडव्हान्टेज, आणि ते मला मनापासून आवडतं. पण तिथे मोबाइलच्या जागी स्पीडी आहे, आणि तिच्यात ऑपॉर्च्युनिटी अटॅक टळत नाही, त्याला फक्त डिसअ‍ॅडव्हान्टेज मिळतो. तुळसाचा कणाच त्या सुटीवर आहे. मोहीम संपेपर्यंत २०१४वरच राहायचं ठरलं.

१७ ऑगस्ट

पुन्हा हॉबगॉब्लिन, पुन्हा तिघं, या वेळी पडक्या गढीत. पहिल्याला टोक, दुसऱ्याला टोक, तिसऱ्याला मागचं टोक. दोन लागले, एक हुकला. मग २५ फूट मागे, एका चौकोनाएवढ्या अरुंद बोळात. कुणाचाही ऑपॉर्च्युनिटी अटॅक नाही. बोळात एका वेळी एकच शेजारी येऊ शकतो, त्याच्या मागचा १० फुटांवर, म्हणून त्या शेजारच्याचे जास्तीचे २डी६ही बंद. पहिला आत शिरला त्याला रिअ‍ॅक्शन. तिसऱ्याने लाँगबो काढलं, तोवर रोग त्याच्या पाठीमागे पोहोचला होता.

आठव्या लेव्हलला स्ट्रेंग्थ २०, यात आता बदल नाही.

पुढचा प्रश्न राक्षसांचा. डीएमने डोंगरात हिल जायंट असल्याची कुणकुण लावलीय. जायंट ह्यूज आकाराचा, म्हणजे तुळसापेक्षा दोन आकारांनी मोठा, क्रशर त्याला हलवू शकत नाही. त्याची पोहोच १० फूट, तो लांबूनच गदा चालवेल आणि तुळसाच्या ५ फुटांत येणारच नाही, म्हणजे पोलआर्म मास्टरची रिअ‍ॅक्शनही नाही. वेग ४०, तुळसाएवढाच. उरते ती एकटी मोबाइल: आत शिरायचं, तीन वार करायचे, पूर्ण बाहेर पडायचं. एसी १३ असल्यामुळे वार लागतील बरेच. मात्र आत शिरताना आणि बाहेर पडताना मिळून ४० फूटच हातात आहेत, म्हणजे तो जिथे उभा आहे तिथून १० फुटांच्या पलीकडे जायचं तर सुरुवात कुठून करायची हे आधी मोजायला हवं. पुढच्या सत्राआधी बॅटलमॅटवर मिनी (पात्रांच्या छोट्या बाहुल्या) मांडून ही अंतरं बघायची आहेत, आणि दोरीचा भाला २० फुटांवरून किती वेळा चालतो तेही.